जूनपासून संडे स्कूलचा वर्ग घ्यायला सांगितलाय, त्याआधी थोडे महिने स्वतःसाठी मागितले तर चालेल का?

भांडुप_स्लो_लोकल

सगळ्यांना ख्रिस्तामध्ये सलाम. प्रश्न लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

आमची मराठी मंडळी आहे, सेंट्रल लाइनला. संडे स्कूलच्या मोठ्या मुलांचा वर्ग, म्हणजे सातवी ते दहावीची मुलं, ज्या बाई इतकी वर्षं घेत होत्या त्या आता मुलाकडे पुण्याला राहायला चालल्यात आणि कमिटीने माझं नाव पुढे केलंय. पाळकसाहेब घरी येऊन बोलून गेले. मे महिन्यात व्हीबीएस (व्हेकेशन बायबल स्कूल, सुट्टीतलं मुलांचं बायबल शिबिर) आहे त्यात मदत करायची आणि जूनमध्ये शाळा उघडल्या की वर्ग हातात घ्यायचा असं त्यांचं म्हणणं. मी नाही म्हटलेलं नाही, मला करायचंय आणि मनापासून करायचंय. पण मी त्यांना विचारलं की ईस्टर झाल्यावर जूनपर्यंतचा वेळ मला मोकळा द्याल का, मला आधी स्वतः शांत बसून शास्त्र वाचायचंय, प्रार्थना करायचीय, शिकायचंय. पाळकसाहेब बघू म्हणाले, पण कमिटीतले एक काका सरळ म्हणाले की अगं शिकवता शिकवता येतं सगळं, छापील पुस्तक मिळतं, धड्याखाली प्रश्न असतात, गोष्ट सांगायची आणि वचन पाठ करून घ्यायचं, त्यात काय एवढं.

पुस्तक असतं हे खरंय. पण मध्ये एका रविवारी मी त्या वर्गात मागे बसले होते, धडा होता लाजरचा, योहान ११. एका मुलीने विचारलं की बाई, लाजर आजारी आहे हा निरोप येशूला मिळाला होता ना, मग तो अजून दोन दिवस तिथेच का थांबला, लगेच का नाही निघाला. या मुलीची आजी डिसेंबरमध्ये वारली, सगळ्या मंडळीने तिच्यासाठी प्रार्थना केली होती, त्यामुळे प्रश्न कुठून आलाय हे वर्गात सगळ्यांना कळलं. बाईंनी घाई केली नाही. तिला जवळ बसवलं, म्हणाल्या की मार्थाने पण हेच विचारलं होतं आणि मरीयेनेही हेच विचारलं, आणि येशू त्यांच्यावर रागावला नाही, तो रडला, आपण आज तेवढंच वाचू. बाकी धडा त्यांनी सोडून दिला. हे कुठल्या पुस्तकात नसतं. त्या बाईंनी तो अध्याय आधी स्वतःसाठी कितीदा वाचला असेल याचाच विचार मी घरी येईपर्यंत करत होते. माझ्याकडे लहानपणी पाठ केलेली सुवर्णवचनं आहेत आणि रविवारचे उपदेश ऐकलेले आहेत, पण असं साठलेलं काही नाही.

दुसरी अडचण जागेची. वन रूम किचन, घरात सासूबाई, मिस्टर, चार वर्षांचा मुलगा. पाणी पहाटे येतं, तेव्हापासून चाळीत बादल्यांचा आवाज. ऑफिस फोर्टला, जाता येता लोकल. रात्री सगळे झोपल्यावर बसावं तर डोळे मिटतात.

तर विचारायचं हे की असा वेळ मागणं म्हणजे जबाबदारी टाळणं आहे का? आणि मागितला तर त्या वेळात करायचं काय, कुठे बसायचं, कुठून सुरू करायचं? ज्यांनी असं केलंय त्यांनी लिहा प्लीज.


भायखळा_निवृत्त_शिक्षिका

सलाम. माझ्या लेकीच्या वयाची असशील म्हणून अगं-तुगं करतेय. मी शाळेतही शिकवलं आणि शब्बाथ शाळेतही (आम्ही जुनी माणसं अजून शब्बाथ शाळाच म्हणतो), त्यामुळे या विषयावर मला बोलायचंच होतं.

वेळ माग. बिनधास्त माग. एज्रा ७:१० काढून बघ, तिथे एज्राने मनाशी तीन गोष्टी ठरवल्या असं लिहिलंय, परमेश्वराच्या नियमशास्त्राचा अभ्यास करायचा, त्याप्रमाणे वागायचं, आणि मग इस्राएलात ते शिकवायचं. क्रम बघ, शिकवणं तिसरं आलंय आणि मधे वागणं आहे. आपण काय करतो, पहिल्यावरून थेट तिसऱ्यावर उडी मारतो, शनिवारी रात्री वाचलं आणि रविवारी सकाळी सांगितलं, मधल्याला जागाच नाही. आणि तो एज्रा काही नवशिका नव्हता हां, त्याच अध्यायात त्याला निष्णात शास्त्री म्हटलंय. बाबेलहून यरुशलेमेला यायला त्या लोकांना चार महिने लागले, पहिल्या महिन्याच्या पहिल्या दिवशी निघाले ते पाचव्याच्या पहिल्या दिवशी पोचले. तू ईस्टर ते जून मागतेयस ते काही फार नाही.

आता खरी गोष्ट सांगते, ही नीट ऐक. या वेळात वर्गाची तयारी करायची नाही. अजिबात नाही. शिक्षकाला एक खोड लागते, काही चांगलं वाचलं की लगेच मनात येतं हे मुलांना सांगायला छान आहे, हे अमक्या धड्यात बसेल. तसं झालं की ते वचन आपल्यापाशी थांबतच नाही, आपल्याला काही विचारायच्या आत पुढे जातं. माझ्या दोन वह्या असायच्या. एक वर्गाची, तिच्यात धडा, प्रश्न, चित्रं. दुसरी माझी, तिच्यातलं काहीही वर्गात न्यायचं नाही असा माझा नियम होता, निदान त्या वर्षी तरी नाही. कधी कधी वर्षांनी त्या वहीतलं एखादं वाक्य आपोआप तोंडात यायचं, ते वेगळं.

सुरुवात कर मार्कच्या पहिल्या अध्यायापासून, ओवी २९ ते ३९. एवढंच. वाचून दाखवते कसं ते. शब्बाथाचा दिवस, सकाळी सभास्थानात शिक्षण देऊन झालंय, मग शिमोनाच्या घरी त्याची सासू तापाने पडलीय, तिला बरं केलं. सूर्य मावळला तशी सगळी माणसं आजाऱ्यांना घेऊन आली, सगळं गाव दाराशी जमलं असं मार्क लिहितो. थांब इथे. सगळं गाव दाराशी. तुला तुझं दार आठवेल, शेजारीण, दूधवाला, मुलगा, सासूबाई. मग पुढची ओवी, पहाटे, अजून अंधार असताना, तो उठून बाहेर गेला आणि एकांत जागी प्रार्थना करत राहिला. आणि शिमोन आणि बरोबरची माणसं त्याला शोधत येतात आणि म्हणतात सगळे तुमचा शोध करताहेत. कमिटीचंच वाक्य आहे बघ ते. यावर तो काय म्हणतो? बरं चला परत असं म्हणत नाही, म्हणतो आपण आसपासच्या गावात जाऊ, तिथेही मला उपदेश करायचाय. म्हणजे आदल्या रात्री गर्दीने जे ठरवून टाकलं होतं त्यापेक्षा वेगळं काम त्याला पहाटेच्या एकांतातून कळलं. मी हे इतक्या वेळा वाचलंय तरी अजून शोधताहेत या शब्दाशी अडखळते. असं एकेका जागी थांबत वाच. आठवडाभर तेवढ्याच अकरा ओव्या वाचल्या तरी चालेल, पुढे जायची घाई नाही, परीक्षा नाहीये.

आणि याकोब ३:१ कोणीतरी तुला ऐकवेलच, तुमच्यापैकी फार जणांनी शिक्षक होऊ नये ते. घाबरून जाऊ नको त्याला. ते वचन थांबवायला नाहीये, सावकाश जायला सांगणारं आहे.


कुर्ला_युथ_ग्रुप

काकू तुमचा मान राखून थोडं वेगळं बोलतो.

ताई, मला वेळ मागण्यात चूक दिसत नाही पण एक भीती वाटते, मी युथमध्ये बघतो ना, आधी तयार होऊ मग सेवा करू असं म्हणणारी मंडळी तयार कधी होतच नाहीत. अजून एक कोर्स करतो, अजून एक शिबिर करतो, आणि तिकडे मुलं वर्ग नाही म्हणून मोबाइल बघत गॅलरीत बसलेली असतात. सातवी ते दहावी हे वय असं आहे की दोन वर्षांत मुलं हातातून निघून जातात, दहावीनंतर क्लासेस सुरू झाले की रविवारी कोण येतंय.

आणि शास्त्रातच बघा ना. शोमरोनी बाई विहिरीवर येशूशी बोलली, घागर तिथेच टाकली आणि गावात सांगायला पळाली, योहान ४. तिने किती महिने घेतले? प्रेषितांची कृत्ये १८ मध्ये अपुल्लोस आहे, त्याला फक्त योहानाचा बाप्तिस्मा माहीत होता, तरी तो इफिसच्या सभास्थानात धीटपणे बोलायला लागला. प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला यांनी त्याला थांब म्हटलं नाही, घरी नेलं आणि देवाचा मार्ग आणखी नीट समजावून सांगितला. मला तर हे मॉडेल फार आवडतं, शिकवतोय आणि बरोबरच कोणाच्या तरी घरी जाऊन शिकतोय. पौलाचं पण बघा, लोक नेहमी सांगतात की तो अरबस्तानात गेला आणि तीन वर्षांनी यरुशलेमेला गेला, गलतीकरांस १, बरोबर आहे, पण प्रेषितांची कृत्ये ९ मध्ये दिमिष्कात लगेच उपदेश करायला लागला असं पण आहे. दोन्ही आहे.

तर माझं म्हणणं, व्हीबीएस पूर्ण सोडू नका. गाणी घ्या, खाऊ वाटा, हजेरी घ्या, मुलांची नावं पाठ करा. शिकवू नका पाहिजे तर. पण मुलांना जूनमध्ये तुम्ही अनोळखी वाटायला नको.


वसई_ते_बांद्रा

नमस्कार ताई. मी कॅथलिक आहे, वसईकडचा, पॅरिशमध्ये धर्मशिक्षणाचे वर्ग घेतो त्यामुळे तुमचा प्रश्न माझाही आहे. आमच्याकडचं थोडं सांगतो, तुम्हाला वेगळं वाटलं तरी उपयोगी पडेल.

आधी हा मुद्दा की हे टाळणं आहे का. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचं १९६५ चं दैवी प्रकटीकरणावरचं जे डॉक्युमेंट आहे, देई वेर्बुम, त्याच्या २५ व्या परिच्छेदात धर्मगुरूंबरोबर धर्मशिक्षकांचंही नाव घेऊन सांगितलंय की सतत पवित्र शास्त्र वाचा, नाहीतर जो आतून ऐकत नाही तो बाहेरून देवशब्दाचा पोकळ प्रचारक होतो, हा विचार संत ऑगस्टीनचा. मला हे वाचल्यावर झोप लागली नव्हती खरं सांगतो. त्याच धर्तीवर बाराव्या शतकातले संत बर्नार्ड, त्यांनी गीतरत्नावरच्या प्रवचनात म्हटलंय की शहाणा असशील तर पाट होऊ नको, तलाव हो, पाट येईल ते पाणी लगेच सोडून देतो, तलाव आधी भरतो आणि मग भरून वाहतो. आणि त्यांची तक्रार होती की चर्चमध्ये पाट पुष्कळ झालेत, तलाव थोडे. मुंबईकराला हे जास्त सांगायला नको, विहार आणि तुळशी भरेपर्यंत आपण जुलैत सगळे पेपरात आकडे बघतच असतो.

आता वेळ कसा काढायचा. संत इग्नेशियस १५२२ मध्ये मान्रेसाला जवळजवळ वर्षभर राहिले, गुहेत प्रार्थना करायचे, तिथल्या अनुभवातून त्यांची आध्यात्मिक साधना तयार झाली, तिला पोपची मान्यता १५४८ ला मिळाली. पूर्ण साधना तीस दिवसांची, घरदार सोडून, मौनात. पण त्यांनी पुस्तकाच्या सुरुवातीलाच ज्या सूचना लिहिल्यात त्यातली एकोणिसावी ही तुमच्या-माझ्यासारख्यांसाठी आहे, ज्याला कामधंदा सोडता येत नाही त्याने रोज दीड तास काढून तीच साधना महिनोन् महिने घरी राहून करावी. आज दीड तासाच्या जागी लोक कमी पण वेळ देतात, मार्गदर्शक तुमचं बघून ठरवतो. तो मार्गदर्शक हा महत्त्वाचा भाग आहे, तो शिकवत नाही फार, दर आठवड्याला भेटून काय झालं ते ऐकतो. कुर्ल्याच्या भावाने प्रिस्किल्ला-अक्विल्ला म्हटलं ना, तेच. तुमच्या त्या पुण्याला चाललेल्या बाई आहेत, त्यांनाच विचारा की दर आठवड्याला फोनवर अर्धा तास द्याल का. मला विचाराल तर यापेक्षा चांगलं माणूस शोधून सापडणार नाही.

आणि हे पण सांगण्यासारखं की इग्नेशियसनी मान्रेसानंतर लोकांना शिकवायला सुरुवात केली, पण पुढे त्यांना कळलं की अभ्यास लागेल, तर तिशी ओलांडलेला हा माणूस बार्सेलोनाला लहान पोरांच्या वर्गात बसून लॅटिन शिकला. आपल्याकडचं उदाहरण फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइट मिशनरीचं. १५७९ ला गोव्यात आले, त्यांचं ख्रिस्तपुराण, म्हणजे मराठी ओव्यांत सांगितलेली ख्रिस्तकथा, छापून आलं १६१६ ला. मधली वर्षं ते काही गुहेत नव्हते, साष्टीत (गोव्यातली साष्टी, आपली नाही) लोकांमध्येच काम करत होते, पण भाषा ऐकत होते, ओवी कानात मुरवत होते. म्हणून ते पुराण वाचताना परक्या माणसाने लिहिलंय असं वाटत नाही.

जागेचं. तुम्ही फोर्टला आहात ना, मग तुमच्याएवढं नशीब कोणाचं. हॉर्निमन सर्कलजवळचं सेंट थॉमस कॅथेड्रल, १७१८ चं, ज्याच्यावरून चर्चगेट नाव पडलं ते, आणि ते तर तुमच्या सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) वाल्यांचंच. लंच टाइमला डबा पंधरा मिनिटांत उरका आणि वीस मिनिटं तिथे बसा. बाहेर हॉर्न वाजत असतात, आत भिंती जाड आहेत, वर पंखा फिरतो तेवढाच आवाज. भिंतीवर संगमरवरी स्मारकं आहेत ती पहिल्या दिवशी बघून घ्या म्हणजे नंतर लक्ष जाणार नाही. माहीमला सेंट मायकलमध्ये जायचं ठरवलंत तर बुधवार सोडून, बुधवारी नोव्हेनाची (दर आठवड्याच्या खास प्रार्थनेची) गर्दी रस्त्यावर येते. पूर्ण दिवस मिळाला कधी तर बांद्र्याला माउंट मेरीच्या बाजूला जेझुइट फादरांचं रिट्रीट हाऊस आहे, आमच्या वसईत गिरीजला जीवन दर्शन केंद्र आहे.

वाचायची पद्धत आमच्याकडे चार टप्प्यांची, जुन्या मठांमधली, सावकाश वाचन, मग मनन, मग प्रार्थना, मग नुसतं देवासमोर थांबणं. चौथ्याला लोक दचकतात. तिथे काही करायचं नसतं, बसायचं.


भांडुप_स्लो_लोकल

बापरे, इतकं सगळं. सगळ्यांचे आभार. काकू, मार्क १ आज ट्रेनमध्ये उघडलं, विक्रोळी ते मस्जिद, सगळं गाव दाराशी इथेच थांबले, पुढे गेलेच नाही.

कुर्ल्याचे दादा, तुमचं पटलं, मुलांची नावं मला खरंच सगळी माहीत नाहीत.

अजून दोन शंका. एक, बसले की झोप येते, मग अपराधी वाटतं की प्रभूसाठी वीस मिनिटंही जागता येत नाही. दोन, मुलगा. मी बायबल उघडलं की त्याला नेमकं तेव्हाच आई पाहिजे असते. चिडचिड होते आणि मग प्रार्थना करायचं तोंड राहत नाही.


रात्रपाळी_परळ

ताई मी नर्स आहे, ड्युटी बदलत राहते, सकाळी पाच वाजता बायबल वाचा हा सल्ला मला आयुष्यात कधी लागू पडला नाही, म्हणून लिहितेय.

मी अध्याय वाचायचा नाद सोडला. एक स्तोत्र घेते आणि ते संपेपर्यंत दुसरं घेत नाही, संपेपर्यंत म्हणजे पाठ होईपर्यंत. केस पेपरच्या कोऱ्या बाजूला दोन ओळी लिहायच्या, युनिफॉर्मच्या खिशात ठेवायच्या, राउंड झाला, औषधं झाली, सगळे पेशंट झोपले की त्या दोन ओळी. स्तोत्र ६३ असंच झालं, त्यात अंथरुणावर तुझी आठवण करतो, रात्रीच्या प्रहरी तुझं चिंतन करतो असं आहे, रात्रपाळीवाल्यांचंच स्तोत्र आहे ते. कागद घामाने विरघळायला येतो तोपर्यंत ओळी आत गेलेल्या असतात. आणि मोबाइलवर वाचू नका शक्यतो, वाचता वाचता वरून मेसेज येतो आणि गेलं सगळं.

लोकलला कमी समजू नका. ना. वा. टिळकांना नवा करार मिळाला तो रेल्वेच्या डब्यातच, १८९३ ला नागपूरहून राजनांदगावला जाताना एका युरोपियन गृहस्थाने दिला. वाचीन असं कबूल केलं होतं म्हणून पेन्सिलीने खुणा करत वाचायला बसले आणि डोंगरावरच्या प्रवचनाशी आले तेव्हा त्यांना पुस्तक ठेववेना. आणि लगेच काही झालं नाही, बाप्तिस्मा झाला मुंबईत, फेब्रुवारी १८९५ मध्ये. मधे वाचन, विचार, घरच्यांचा त्रास, सगळं. एवढा मोठा कवी माणूस, आज आपण चर्चमध्ये त्यांची भजनं म्हणतो, त्यांनाही वेळ लागला. लेडीज डब्यात खिडकी मिळाली तर मी तर म्हणते तीच तुमची खोली.


भायखळा_निवृत्त_शिक्षिका

परळच्या मुलीने छान लिहिलं. माझं राहिलेलं सांगते.

झोपेचं. १ राजे १९ वाच. एलीया थकून रतामाच्या झुडपाखाली झोपला, देवदूताने उठवून भाकर दिली, तो खाऊन परत झोपला, आणि देवदूत त्यावर काही बोलला नाही, परत येऊन परत खायला दिलं, म्हणाला तुला वाट लांबची आहे. होरेब डोंगर नंतर, मंद वाणी नंतर, आधी दोनदा झोप आणि दोनदा जेवण. तू पहाटेपासून पाणी भरतेस, नोकरी करतेस, चार वर्षांचं लेकरू आहे, तुला झोप येणारच. रात्री बसू नको. दिवसा बस, आणि दिवसा पण डुलकी लागली तर त्याचा हिशोब ठेवू नको.

मुलाचं. मार्क ६, ओवी ३० पासून. शिष्य परत आलेत, आम्ही काय काय केलं काय शिकवलं सगळं सांगताहेत, आणि लोकांची ये-जा एवढी की जेवायला पण सवड नाही. येशू म्हणतो चला, तुम्ही एकांती चला आणि थोडी विश्रांती घ्या. होडीत बसून निघाले. आणि लोक काठाकाठाने पळत जाऊन आधीच पोचले. ठरवून मागितलेला एकांत तो, आणि उतरतात तर समोर गर्दी. त्याला राग नाही आला, कळवळा आला, तो शिकवायला लागला, संध्याकाळी पाच हजारांचं जेवण झालं. आपण बहुतेक वेळा इथेच थांबतो आणि म्हणतो बघा एकांत सोडावा लागतो. पुढे वाच ना. ओवी ४५-४६, त्याने शिष्यांना होडीत बसवून पाठवलं, लोकांना निरोप दिला आणि प्रार्थना करायला डोंगरावर गेला. सकाळी गेलेला वेळ त्याने रात्री घेतला. मुलगा आला तर बायबल मिटव, त्याला घे, चिडू नको, आणि तो वेळ दिवसात पुढे कुठेतरी परत घ्यायचाच असं मनाशी पक्कं ठेव. आणि जावईबापूंना सांग की रविवारी दुपारी मुलाला घेऊन दोन तास बाहेर जा. यात संकोच काय, वर्ग मंडळीचा आहे, तुझ्या एकटीचा थोडीच आहे. सासूबाईंना पण सांग बसायला, मी बघितलंय, म्हाताऱ्या बायकांना बरोबर वाचायला घेतलं की टीव्ही आपोआप बंद होतो.

आणि वर्ग सुरू झाला की हा वेळ बंद करायचा नाही. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. जूनमध्ये तू म्हणशील आता वेळ नाही, आता धडा तयार करायचाय. नहेम्या ८ मध्ये एज्राने पाणीवेशीसमोरच्या चौकात पहाटेपासून दुपारपर्यंत लोकांना नियमशास्त्र वाचून दाखवलं, एवढा मोठा कार्यक्रम झाला, आणि दुसऱ्याच दिवशी वडील मंडळी, याजक, लेवी परत एज्राकडे जमले, कशाला, तर नियमशास्त्र नीट समजून घ्यायला. शिकवून झाल्यावर दुसऱ्या दिवशी शिकवणारेच शिकायला बसले. पंडिता रमाबाईंचं बघ, केडगावला एवढी मुली-बायकांची जबाबदारी, आणि त्यात बाईंनी हिब्रू-ग्रीक शिकून सगळं बायबल मराठीत आणलं, छापून पूर्ण झालं १९२४ ला, त्या १९२२ लाच गेल्या होत्या. शेवटपर्यंत अभ्यासाला बसत होत्या.

कमिटीतल्या त्या काकांशी वाद घालू नको. जून म्हटलं तर जूनलाच येते असं सांग आणि तारीख लिहून दे. तारीख दिली की लोक शांत होतात.


भांडुप_स्लो_लोकल

आज उपासना झाल्यावर बोलून घेतलं. पाळकसाहेबांना तारीख सांगितली, जूनचा दुसरा रविवार. त्यांनी मानलं. व्हीबीएसमध्ये मी सकाळी हजेरी आणि खाऊ बघणार, शिकवणार नाही, म्हणजे नावं पाठ होतील. वर्ग सुरू झाल्यावर पहिले काही रविवार आधीच्या बाई पुण्याहून येऊन माझ्याबरोबर वर्गात बसायला तयार आहेत, आणि फोनचंही हो म्हणाल्या, दर गुरुवारी रात्री. त्यांनी एकच अट घातली की फोनवर धड्याबद्दल काही विचारायचं नाही, वर्गाचं रविवारीच बोलायचं. काकू, तुम्ही दोघी एकमेकींना ओळखता की काय असं वाटलं मला.

काका अजून थोडे नाराज आहेत, पण वर्गाच्या खोलीचा पंखा दुरुस्त करून घेतो म्हणाले.

सेंट थॉमसला उद्यापासून जाते. वसईचे दादा, एक विचारायचं होतं, बांद्र्याच्या रिट्रीट हाऊसला प्रोटेस्टंट माणसाला एका दिवसासाठी बसू देतात का, आणि काही बरोबर न्यावं लागतं का?


वसई_ते_बांद्रा

ताई, फोन करून आधी विचारून जा, मोठं शिबिर चालू असलं की जागा नसते. तुम्ही कुठल्या मंडळीच्या आहात ते सरळ सांगा, त्यात अडचण यायचं कारण नाही, प्रार्थनेला बसायला आलेल्या माणसाला कोण कशाला परत पाठवेल. मिस्सा असेल तर मागे बसू शकता, कम्युनियनचं तिथल्या फादरांना विचारून घ्या म्हणजे ऐन वेळी गोंधळ नको. एक दिवसासाठी बायबल, पाण्याची बाटली आणि वही, वर्गाची नव्हे ती दुसरी. बांद्रा स्टेशनवरून माउंट मेरीच्या बाजूला बस पण जाते, रिक्षा पण मिळते, शनिवारी सकाळी लवकर निघा म्हणजे हिल रोडचं ट्रॅफिक लागत नाही. मोबाइल शक्यतो मिस्टरांकडे द्या, नाहीच जमलं तर बंद करून पिशवीत तळाशी.